सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, बेळगाव-खानापूर भागात पावसाची झड लागली की घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो आणि औषध दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या जातात. त्या घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत. अशा एका गोळीत बहुधा पॅरासिटामॉल (तापाचे औषध), फेनिलेफ्रिन (चोंदलेले नाक मोकळे करणारे) आणि क्लोरफेनिरामाइन (शिंका व नाक वाहणे कमी करणारे) ही औषधे एकत्र असतात. त्यामुळे सर्दीची गोळी घेऊन वर तापासाठी डोलो किंवा क्रोसिन घेतल्यास पॅरासिटामॉल नकळत दोनदा पोटात जाते, आणि सर्वांत अधिक काळजी वाटते ती याचीच. प्रौढांसाठी 24 तासांत सर्व औषधांतील पॅरासिटामॉल मिळून 4 ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. यकृताचा विकार असणाऱ्यांनी किंवा नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. क्लोरफेनिरामाइनने झोप येते, म्हणून चोर्ला घाटातून गोव्याकडे वाहन नेणाऱ्या सभासदांनी ते घेऊन गाडी चालवू नये. प्रोस्टेट वाढलेल्या ज्येष्ठांना त्यामुळे लघवी अडण्याचा, तर काचबिंदू असणाऱ्यांना डोळ्यांचा दाब वाढण्याचा धोका असतो.

लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची पद्धत कृपया बंद करावी. क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये बजावले आहे. धाप लागल्यास किंवा ताप तीन दिवसांहून अधिक राहिल्यास औषध बदलत न बसता डॉक्टरांकडे जावे आणि घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.