दुखत नाही ना? मग काही नाही!

मा. संपादक, स. न.

कालच्या पुरवणीतला स्तनांच्या कर्करोगावरचा लेख वाचला. ऑक्टोबर हा या रोगाच्या जागृतीचा महिना, तो आला की तुमची पुरवणी गुलाबी होते, त्याची आता सवय झाली आहे. पण 'बायका लाजतात, अंगावर काढतात आणि उशिरा येतात' हे वाचलं आणि चहा तसाच राहिला.

गेल्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावताना माझ्या धाकट्या जावेच्या हाताला डाव्या काखेजवळ गाठ लागली. न्हाणीघराचं दार किलकिलं करून तिने मला आत बोलावलं. "ताई, इथं हात लावा जरा." हरभऱ्याएवढी, टणक, दाबली तरी जागची हलेना. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इथल्या डॉक्टरांपुढे हजर. त्यांनी विचारलं, "दुखतं का?" ती म्हणाली, "नाही." "मग काही नाही. दुखत असतं तर बघितलं असतं." हात लावला नाही, टेबलावर घेतलं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. होळीपर्यंत गाठ सुपारीएवढी झाली, बोंड आत ओढलं गेलं. मग पुणं, मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सुईने तुकडा काढून तपासणी, ऑपरेशन, केमो. आता बरी आहे, केस परत आलेत, तेही कुरळे. पण मधले चार महिने नक्की कोणाच्या लाजेत गेले, ते लेखिकाबाईंनी सांगावं.

'न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, असा स्त्रियांचा गैरसमज असतो' असंही लेखात आहे. असतो ना. आमच्या घरात तो तीनशे रुपये फी देऊन आणला होता. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे मलाही ठाऊक आहे, पण ते खुर्चीत बसून कसं कळतं?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल या कर्करोगाच्या रुग्णालयाने १९९८ पासून, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकडून सुमारे ७५ हजार बायकांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करवली. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, असे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या हातांनी! आणि तुमच्या पानावर पन्नाशीची बाई औषधालाही नाही. चित्रातली मुलगी पंचविशीची, सूचना काय तर 'पाळीनंतर तपासा'. ज्यांची पाळीच थांबली त्यांनी? महिन्याची एक तारीख धरायची, इतकं साधं आहे. मी १ तारखेला, दुधाचे खाडे मोजते त्याच दिवशी, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी थेट काखेपर्यंत तपासते. हे लिहायला एक ओळ लागली असती.

जाता जाता आणखी एक. गुलाबी पानावर पांढरी अक्षरं छापायची कल्पना ज्यांची, त्यांनी तो लेख आपल्या आईला वाचायला द्यावा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही मला खिडकीशी जावं लागलं. शिवाय या गुलाबी थाटापायी शब्दकोडं गेलं ते गेलंच.

आपली,
एक जुनी वाचक, जि. सातारा

(नाव छापू नये. गाव लहान आहे आणि ताप-खोकल्याला डॉक्टर तेच आहेत.)