सूचना : रविवारच्या सत्रात स्वतःची रचना वाजवण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारच्या सत्रात प्रत्येकाने स्वतः रचलेली आठ बारांची (म्हणजे तालाच्या आठ समान मापांची) छोटी रचना पियानोवर वाजवून दाखवायची आहे. त्यासाठी पाच सूर पुरेसे आहेत. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांनी १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेल्या १५३ पियानो-रचनांच्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या संग्रहाची सुरुवातही हात जागेवरून न हलवता, दोन्ही हातांनी एकच सुरावट वाजवण्याच्या तुकड्यांनी होते.

बऱ्याच वर्षांनी पियानोकडे परतणाऱ्याला सूर आठवतात, पण बोटे, विशेषतः अनामिका आणि करंगळी, साथ देत नाहीत. म्हणून आधी एकेक हात स्वतंत्रपणे आणि मग दोन्ही एकत्र, असा संथ लयीत सराव करावा. मनगट दुखू लागल्यास तिथेच थांबावे. दुखणे अंगावर काढून वाजवू नये, ही कळकळीची विनंती.

शिकवणाऱ्या सभासदांनी कोणाचेही वादन मध्येच तोडू नये. प्रौढाचा कान बहुधा हातापुढे धावत असतो आणि चूक त्याला आपल्याआधी कळलेली असते. रचना स्वरलिपीत लिहून, कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा हे दाखवणारे बोटांचे क्रमांक घालून आणावी.