सुट्टी घरीच काढली, पुढच्या एप्रिलला तुम्ही या

हर्न्डन, व्हर्जिनिया
२३ एप्रिल २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "पोरांना आठवडाभर सुट्टी, आणि कुठंच नेलं नाहीत होय!" मी सांगायला लागले तोवर बाबांचं "बरं, ठेवतो" झालंच. व्हॉट्सअॅपला बिल येत नाही हे आता किती वेळा सांगू? म्हणून लिहूनच कळवते. पत्र तुम्ही पुरतं वाचता, वर दोनदा वाचता.

इथं वसंतात शाळांना एक आठवडा सुट्टी असते, आमच्याकडे ती ईस्टरच्या आधी येते. ऑफिसला मात्र सुट्टी नसते. आजूबाजूचे लोक फ्लोरिडाला जातात, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जातात. आम्ही यंदा हिशेब केला आणि गप्प बसलो. मंदारनं थोडी रजा काढली, थोडी मी काढली, मधल्या वेळात घरून काम. पण पोरांचे हाल झाले असं आईनं अजिबात मनात आणू नये. शिवाय मी प्रत्येक ठिकाणी एका डोळ्यानं पोरं बघत होते आणि दुसऱ्यानं आईचा गुडघा. तुम्ही दोघं इथं आलात तर काय जमेल, काय नाही, हेच डोक्यात चालू होतं. त्याचाच हा अहवाल.

बाबा, आधी तुमचं. वॉशिंग्टनला युनियन स्टेशनच्या शेजारी पोस्टाचं म्युझियम आहे. तिथं १९१४ ते १९८६ शहराचं मुख्य पोस्ट ऑफिस होतं, आता खाली संग्रहालय आहे. तुम्ही सांगलीच्या महापुराच्या वर्षी, २०१९ला आलात तेव्हा डिसेंबरची थंडी, आणि आमच्या गावाला मेट्रोही नव्हती. ती २०२२च्या नोव्हेंबरात आली. आता घराजवळ सिल्व्हर लाइनमध्ये बसायचं, मेट्रो सेंटरला गाडी बदलायची, की युनियन स्टेशन. आत शिरलं की वर छताला जुनी टपालाची विमानं टांगलेली आणि समोर रेल्वेचा टपालाचा डबा. त्यात सॉर्टिंगचे कप्पे बघून मला मिरज स्टेशनवरचं आर.एम.एस., म्हणजे रेल्वेचं टपाल ऑफिस आठवलं. तुम्ही लहानपणी मला तिथं नेलं होतं, एका काकांनी पत्रं न बघता कप्प्यात फेकून दाखवली होती. इथं चालत्या गाडीतलं सॉर्टिंग १९७७ला बंद झालं. निहारला त्याचं काही नाही. तो ओनी नावाच्या कुत्र्यापाशी खिळला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा कुत्रा टपालाच्या डब्यांतून देशभर फिरायचा, जाईल तिथले लोक त्याच्या गळ्यात बिल्ला अडकवायचे. मेल्यावर त्याला पेंढा भरून ठेवलाय, अंगावर बिल्ल्यांचं अख्खं जाकीट.

सईला दुसरी गोष्ट आवडली. होप नावाचा निळा हिरा, ४५.५२ कॅरेटचा, आपल्याकडच्या गोवळकोंड्याच्या कोल्लूर खाणीतला. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं तो १९५८ साली म्युझियमला दिला, आणि पाठवला कसा, तर साध्या रजिस्टर्ड पोस्टानं! टपालखर्च २ डॉलर ४४ सेंट, विम्यासकट एकूण १४५ डॉलर २९ सेंट. हिरा नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये काचेत फिरत असतो आणि त्याचं तपकिरी कागदाचं वेष्टन या पोस्टाच्या म्युझियमनं जपून ठेवलंय. सई म्हणाली, "आजोबा इथं असते तर पावतीवर सही कोणाची ते आधी बघितलं असतं." बरोबर बोलली का? वर तिकिटांचा मोठा विभाग आहे, तिथं मुलांना संग्रहाची सुरुवात म्हणून परदेशी तिकिटं निवडून घेऊ देतात. ती दोघांनी वहीत डकवलीत. सिंध डाकचं, आपल्याकडच्या पहिल्या टपाल तिकिटाचं, चित्र तुम्ही पाठवा, पहिल्या पानावर लावायचं आहे.

आणि बाबा, "खर्च किती?" हा तुमचा प्रश्न येण्याआधीच सांगते, या म्युझियमना तिकीट नाही. स्मिथसन नावाच्या एका इंग्रज शास्त्रज्ञानं सगळी इस्टेट अमेरिकेला देऊन टाकली, त्यातून ही म्युझियम चालवणारी स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. गंमत म्हणजे हा माणूस जिवंतपणी अमेरिकेत कधी आलाच नाही.

आमच्या घराजवळचं विमानांचं म्युझियमही याच संस्थेचं, डलेस विमानतळाला लागून. गाडी लावायचे १५ डॉलर घेतात, पण चारनंतर तेही नाहीत. मंदार अर्थातच चारला पाच मिनिटं असताना बाहेर रस्त्यावर घिरट्या घालत होता. आत डिस्कव्हरी हे खरं अंतराळयान उभं आहे, ३९ वेळा वर जाऊन आलेलं. पोटाखालच्या काळ्या फरश्या जळून जळून पांढुरक्या झाल्यात, आणि प्रत्येकीवर नंबर आहे. निहार ते नंबर वाचत बसला, यानाचं बाकी त्याला काही नको. पुढे हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे' विमान आहे. पाटीवर पंखांची लांबी, वजन, इंजिनं. सईनं सगळी पाटी वाचून विचारलं, "आणि खालच्या लोकांचं कुठं लिहिलंय?" मी तिला घरी येऊन सांगितलं, जेवढं नऊ वर्षांच्या मुलीला सांगता येतं तेवढं. इथली फरशी सपाट आहे, चाकाची खुर्ची मिळते, आईला अजिबात अडचण नाही.

वॉशिंग्टनच्या तळ्याकाठची चेरीची झाडं तुम्ही फोटोत बघता ती मार्चअखेर फुलून एप्रिलच्या सुरुवातीला संपतात, सुट्टीत ती नव्हती. पण क्वान्झान म्हणून गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची एक जात नंतर फुलते, ती मिळाली. गर्दी निम्म्यानं कमी. मला तर हीच जास्त आवडते, लोक उगाच पहिल्या बहरासाठी जीव टाकतात. ही झाडं टोकियोनं भेट दिली. १९१०ला आलेली पहिली खेप किडीमुळे जाळून टाकावी लागली, मग १९१२ला तीन हजारांवर नवी झाडं आली. तळ्याला पूर्ण फेरी मारायचा हट्ट आईनं करू नये. बाकं आहेत, बसून बघायचं.

आई, तुझ्या गुडघ्याला प्राणिसंग्रहालय मात्र नाही म्हणजे नाही. चीनहून नवे पांडा आलेत, यंदा जानेवारीपासून लोकांना बघायला मिळतात, फुकटच आहे, फक्त आधी पास काढावा लागतो. पण रस्ता सगळा उताराचा, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं. पांडा त्या दिवशी पाठ करून बांबू खात होता. फोटो पाठवलाय, तेवढ्यावर भागव.

तुला न्यायचंय ते फ्राइंग पॅन नावाच्या फार्मवर. आमच्या गावातच आहे, सरकारी, फुकट. शंभर वर्षांपूर्वी इथले शेतकरी कसे राहायचे ते दाखवायला गाई, डुकरं, मेंढ्या, कोंबड्या पाळल्यात. वसंतात गेलं की कोकरं असतात. दुपारी उशिरा गाईची धार काढून दाखवतात. त्या बाईंनी आधी सड कोमट पाण्यानं पुसले, पहिल्या चार धारा वेगळ्या भांड्यात काढून नीट बघितल्या, मग बादली खाली घेतली. अगदी तू सांगतेस तसं. पहिल्या धारेचा बादलीच्या तळाला आवाज आला तशी सगळी पोरं पुढे सरकली. निहारनं नाक धरलं होतं. सईनं हात वर करून विचारलं, "वासराला एक सड सोडता का?" बाई चमकल्या. हे तिला कुणी शिकवलं म्हणून मला विचारलं, मी म्हटलं माझ्या आईनं. वासराला इथं वेगळं बाटलीनं पाजतात म्हणे. सईला ते पटलं नाही. तुला तरी कुठं पटणार आहे!

एक दिवस ग्रेट फॉल्सला गेलो. पोटोमॅक नदी तिथं खडकांतून कोसळते. गाडीमागे २० डॉलर, पण शनिवार-रविवार टाळला की रांग नाही. बघायच्या दोन जागांपर्यंत चाकाची खुर्ची जाते. बाबा, तिथं एक खांब रोवलाय आणि त्यावर कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं त्याच्या पट्ट्या. १९३६ची सगळ्यांत वर, मान मागे टाकून बघावी लागते. नदी खाली दरीत इतकी खोल दिसते की खरं वाटत नाही. मी पोरांना सांगितलं, आपल्या सांगलीत असंच आयर्विन पुलावर मोजतात, २०१९ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि आजोबा रोज सकाळी चहाच्या आधी "किती फूट?" म्हणून फोन लावत होते. मंदार म्हणाला, बाबांना इथं आणलं तर ते खांबापासून हलायचे नाहीत.

निळ्या फुलांचं एक रानही बघितलं, बुल रनच्या पार्कात. कळी गुलाबी आणि फूल निळं. आई, कास पठारावर तू चप्पल काढून हातात घेतली होतीस ना, फुलांवर पाय पडेल म्हणून, इथंही वाट सोडू देत नाहीत. चिखल मात्र बराच होता.

बाकी दिवस घरीच. पाऊस होता तेव्हा पत्ते. ऊन पडलं की गल्लीत लगोरी. चपटे दगड नदीवरून आणले, टेनिसचा चेंडू घेतला. शेजारची कोरियन आणि एल साल्वाडोरची मुलं आली आणि आता रोज संध्याकाळी दार वाजवतात. नियमांवरून भांडण मराठीतच होतं, बाकीच्यांना "आऊट नाही!" एवढं नीट येतं.

तर आता ठरवा. डिसेंबरात येऊन खिडकीतून बर्फ बघायचा आणि "हात गारठले" म्हणायचं, असं परत नको. पुढच्या एप्रिलात या, मार्चअखेरच निघा, म्हणजे चेरीही मिळेल आणि गारवा ओसरलेला असेल. आईनं गुडघ्याच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवावं, ऐन वेळी नको. लांबच्या प्रवासाला विमानतळावर खुर्ची मागवायची आहे, त्यात लाजायचं काही नाही, बाबांनीही घ्यावी.

बाबा, तुमचा पासपोर्ट नवा झालाय, पण व्हिसा जुन्यावर आहे आणि तो अजून चालतो. जुना पासपोर्ट माळ्यावरच्या ट्रंकेत टाकू नका. दोन्ही एकत्र कपाटात ठेवा, आणि व्हिसाच्या पानाचा फोटो मला पाठवा, म्हणजे मी तारीख बघून तिकिटं शोधायला लागते.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची
मनू