आठवड्याला शंभर रुपये आणि पंधरा दिवसांचं भरण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की वर्षाच्या धान्याची चर्चा सुरू होते. नागपूरच्या कळमना बाजारात गहू काय भावानं निघाला, भिवापुरी मिरची किती चढली, हे मी दरवर्षी आवडीनं वाचते. माझ्या सासूबाई गहू, तूर, चिंच, तिखट सगळं पावसाळ्याआधी भरून मोकळ्या व्हायच्या. पण त्यासाठी हाती एकरकमी पैसा लागतो, कोठी ठेवायला जागा लागते आणि वाळवायला गच्ची लागते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

मार्च २०२५ मध्ये सक्करदऱ्यासह शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. आमच्या खालच्या खोलीत धुणीभांडी करणाऱ्या एक बाई दोन मुलं आणि म्हाताऱ्या आईसह राहतात. त्यांचा किराणा रोज संध्याकाळी येतो. पावशेर तेल, दहा रुपयांची चायपत्ती, मूठभर डाळ. दुसऱ्याच दिवशी त्या वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या, "ताई, थोडी डाळ असेल तर द्या." कामावर जाता येईना म्हणून पैसा थांबला आणि दुकान उघडेना म्हणून सामान थांबलं, दोन्ही एकाच दिवशी. वाटीभर डाळ मागताना त्यांची मान खाली गेली होती. ते मला अजून विसरता येत नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी हिशेब मांडला. चौघांना दिवसाला पाऊण किलो कणीक, अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ पुरते. म्हणजे पंधरा दिवसांसाठी साधारण ११ किलो गहू, साडेसात किलो तांदूळ, चार किलो डाळ, दोन लिटर तेल, मीठ, साखर, चायपत्ती. एकदम घ्यायचं म्हटलं तर डोळे फिरतात. पण आठवड्याला शंभर रुपये बाजूला काढून एका वेळी एकच जिन्नस घेतला, आणि साधारण चार महिन्यांत सगळं जमलं. तांदळाला तर पैसेच लागले नाहीत. त्यांच्या रेशनकार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतं. गल्लीत रेशनचा तांदूळ विकत घेणारे फिरतात आणि पुष्कळ घरं मिळेल त्या भावात तो देऊन टाकतात. माझी हात जोडून विनंती आहे, तो विकू नका. महिन्याला दोन किलो जरी मागे ठेवला तरी चौथ्या महिन्यात आठ किलो होतो.

साठवताना मात्र काळजी घ्यायलाच हवी. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे फुकटचं औषध. गहू दोन दिवस कडक उन्हात घाला, पण पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं की आत घाम धरतो आणि पावसाळ्यात सोंडे होतात. कडुलिंबाचा पाला वाळवूनच घाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावला की ती टिकते. तांदूळ उन्हात घालू नका, त्याची कणी होते. कणीक आणि रवा फार साठवू नका, गहू ठेवा. डब्यावर भरल्याची तारीख लिहा आणि जुनं आधी संपवा. हा साठा रोजच्या स्वयंपाकातूनच फिरता राहिला पाहिजे, नाहीतर अडचणीच्या दिवशी डबा उघडायचा आणि आत जाळी!

एका गोष्टीची मला खरंच भीती वाटते. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या अजूनही घरात आणल्या जातात. ओलावा लागला की त्यातून विषारी वायू निघतो. एका खोलीच्या घरात माणसं धान्याच्या डब्याशेजारीच झोपतात. अशानं आपल्या देशात जीव गेले आहेत. त्या गोळ्या घरात आणूच नका.

आणि डबे जमिनीवर ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा माझ्या नणंदेच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तिचा नुकताच भरलेला गव्हाचा पिंप खाली होता. तो गहू फेकावा लागला. फळीवर ठेवलेल्या बरणीतल्या मुंगवड्या आणि माळ्यावरचा तांदूळ तेवढा वाचला.

हे सगळं शांत दिवसांत करायचं. अफवा उठल्यावर दुकानावर तुटून पडलं की भाव चढतात, आणि रोज पुडी आणणाऱ्या बाईला तीच पुडी महाग पडते. बचत गटांनी मिळून इतवारीच्या ठोक बाजारातून एक पोतं डाळ आणून वाटून घेतली तर किरकोळीपेक्षा नक्कीच स्वस्त पडते. आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी तूरडाळीचं असं केलं आहे.

आपल्याकडे एक मागणी आहे. बाजारभावाच्या रकान्यात क्विंटलचे दर येतात. त्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा गहू, तांदूळ, तूरडाळ आणि तेल यांचा एक किलोचा किरकोळ भावही छापावा. खालच्या बाईंची मोठी मुलगी सातवीत आहे. घरी पेपर येत नाही, पण माझा ती रोज वाचायला नेते.

आपली,
एक गृहिणी, सक्करदरा, नागपूर