तीन बोटांची दुमड

महोदय,

लग्नसराई आली की आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात दोन-अडीचशेच्या ड्रेसवर झुंबड उडते. चार धुण्यांत तो विटतो, बगलेत उसवतो. एवढ्या स्वस्तात शिवणाऱ्या बाईच्या हाती काय पडत असेल? २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली, तीही असलेच कपडे शिवत होती. एका सुती टी-शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आपण लातूरकर प्यालो आहोत. हा आकडा आपल्याला तरी टोचावा.

मी अंगणवाडी सेविका आहे, मानधनात भागवते. लेकीचा परकर शिवतानाच तीन बोटं दुमड ठेवली होती. दरवर्षी एक बोट उसवते. आतलं कापड अजून गडद निळं आहे, वरचं मात्र उन्हानं फिकं पडलंय. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, ती हिवाळाभर पुरते. नवं घ्यायचंच तर गांधी जयंतीच्या सवलतीत खादी घेते. ज्या नांदेडात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, तो आपल्या शेजारचाच जिल्हा.

एक विनंती आहे. पोरं वाढतात, गणवेश आखूड होतात, पण कापड धड असतं. शाळांनी उन्हाळी सुट्टीआधी असे गणवेश जमा करावेत आणि जूनमध्ये खालच्या वर्गातल्या मुलांना, कुणाचं नाव न पुकारता, द्यावेत.

– एक अंगणवाडी सेविका, लातूर