पांढरी पापणी म्हणजे जंतच असं नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला करडांच्या अशक्तपणावरचा लेख वाचला आणि रात्रभर चुटपुट लागून राहिली. पापणी आतून पांढरी दिसली, म्हणजे अंगात रक्त कमी दिसलं, की जंताचं औषध पाजा, लोहाचं टॉनिक द्या, एवढ्यावर लेख संपतो. मोठ्या बकऱ्यांना हे बहुतेक वेळा लागू पडतं, मान्य आहे. पावसाळ्यात हिमॉन्कस नावाचा पोटातला जंत रक्त पिऊन धडधाकट बकरीही आडवी करतो. पण तीन आठवड्यांच्या करडाचं काय?

गेल्या माघात आमच्या राऊ गावातल्या गोठ्यात एका बरबरी बकरीला जुळी झाली. तिसऱ्या आठवड्यात दोघंही दूध प्यायला उठेनात. पापणी उलटून पाहिली, आत शंखासारखी पांढरी. अंगावर उवा नाहीत, गोचीड नाही. डॉक्टर आले आणि जंताचं औषध लिहून दिलं. मी म्हटलं, अहो, ही अजून चरायलाच गेली नाहीत, जंताची अळी पोटात जाणार कुठून? आणि गेली तरी तिचा जंत व्हायला तीनेक आठवडे लागतात. उत्तर मिळालं, "काकू, लिहिलंय ते पाजा." तपासायला काचेवर रक्ताचा एक थेंबसुद्धा घेतला नाही. पाच दिवसांत दोन्ही गेली. आदल्या वर्षी या जुळ्यांचा बाप असलेल्या बोकडाचंच एक करडू असंच पांढरं पडून गेलं होतं.

रक्त एकतर अंगातून जातं, किंवा अंगातच नासतं, नाहीतर मुळात तयारच होत नाही. ते तयार होतं हाडांतल्या मगजात. रक्त जंतांनी प्यायलं असेल, तर मगज कोवळ्या तांबड्या पेशी भराभर बाहेर सोडतो आणि रक्ताच्या तपासणीत त्या दिसतात. मगजच बिघडला असेल तर त्या दिसत नाहीत. पिग्मी जातीच्या, एकाच नात्यातल्या करडांमध्ये मगजाच्या जागी तंतू भरून येण्याचा आजार परदेशात नोंदलेला आहे. माझ्या करडांना तेच होतं असं मी म्हणत नाही. ते आता कधीच कळणार नाही, हेच माझं दुःख आहे. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इथून तासाभराच्या आत पोचता येतं. मेलेलं करडू तिथे न्या, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी मी त्यांना पुरलं नसतं. तो बोकड मी विकला नाही, खच्ची करून घेतला. हे दुखणं त्याच्याकडून आलेलं असेल, तर ते दुसऱ्याच्या गोठ्यात जायला नको.

आणि लेखाबरोबरचा फोटो करडाचा नाही, मेंढीच्या कोकराचा आहे. करडाची शेपटी वर असते, कोकराची खाली लोंबते. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापा.

आपली,
एक बकरीपालक वाचक, राऊ (इंदूर)