पाकिटावर कोणतं नाव घालू?

प्रिय क्लार्कबाई,

तुम्हाला मराठी येत नाही, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत आभाराची ईमेल मी कधीच पाठवली. चार ओळींची, अगदी नीटनेटकी. तिला तुमचं दोन ओळींचं उत्तरही आलं. पण ती ईमेल पाठवून झाल्यावरही काहीतरी घशात अडकून राहिलं होतं. ते मराठीतच बाहेर पडणार, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही. काउंटीही, म्हणजे तुमचा जिल्हाही, सांगत नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्यातलं थोडं तुमच्या नियमात बसत नसावं, आणि साहेब लोक सगळीकडे सारखेच असतात.

वाचणाऱ्यांसाठी थोडी मागची गोष्ट. या बाई टेक्ससमधल्या एका कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या क्लार्क, माझ्या घटस्फोटाचा कागद त्यांनी शोधून दिला. माझं पहिलं लग्न २००९ साली टेक्ससमध्ये मोडलं. भांडणतंटा नव्हता, मूल नव्हतं, इस्टेट म्हणाल तर एक जुनी गाडी आणि एक सोफा. दोघांच्या संमतीचा घटस्फोट. तिथे अशा वेळी दोघांपैकी एकानेच न्यायाधीशासमोर उभं राहिलं तरी चालतं. मी नोटरीसमोर सह्या केल्या आणि साठ दिवसांची सक्तीची मुदत संपायच्या आतच नाशिकला आईकडे निघून आले. म्हणजे ज्या इमारतीत माझा संसार कायद्याने संपला, ती इमारत मी आजतागायत पाहिलेली नाही. निकाल आला तो भावाच्या ऑफिसातल्या फॅक्सवर. मी तो गुळगुळीत कागद घडी करून कपाटात साडीखाली ठेवला, आणि पंधरा वर्षांनी बाहेर काढला तेव्हा तो कोरा होता. फॅक्सच्या कागदावरची शाई उडते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न्यायाधीशाची सही, शिक्का, माझं नाव, सगळं गेलेलं. कोपऱ्यात फक्त फिकट करड्या रंगाची एक रेघ. त्या रात्री मी हसले की रडले, आठवत नाही.

कागद लागला तो आता पुन्हा लग्न करायचं ठरलं म्हणून. वय शेहेचाळीस, विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी, चार माणसं, बास. पण विवाह अधिकाऱ्याला आधीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा हवा, आणि तोही सहीशिक्क्याची नक्कल. त्यात माझं प्रकरण परदेशी कोर्टाचं.

आमच्या वकीलबाईंनी त्यावर १९९१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवला. लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोट नवऱ्याने मिसुरीतल्या सेंट लुई काउंटीच्या कोर्टात मिळवलेला, आणि बायकोचा त्याला विरोध. आपल्या कोर्टाने तो घटस्फोट मानला नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपलेच. त्यात एक वाट मात्र मोकळी ठेवली आहे: समोरच्या पक्षाने मनापासून संमती दिली असेल तर असा हुकूमनामा इथे मानता येतो. म्हणजे माझ्या बाबतीत सगळं अडलं होतं शेवटच्या पानावरच्या माझ्याच सहीवर. ‘घटस्फोट झाला होता’ एवढं सांगणारं पत्र पुरणार नव्हतं. पानन् पान हवं होतं. आणि गंमत बघा, त्या निकालात तुमच्या पेशाचा उल्लेख आहे! सेंट लुईच्या कागदांवर एका डेप्युटी क्लार्कने खरी प्रत म्हणून सही केली होती. आपल्या कोर्टाने म्हटलं, ही सही योग्य माणसाचीच आहे, पण तिच्यावर आपल्या सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीचीही मोहोर हवी होती. कधीकाळी कुणा क्लार्कने एका खोलीत बसून मारलेला शिक्का, आणि त्यावर दिल्लीत एवढा खल. हे वाचलं तेव्हा तुमची माझी ओळख व्हायची होती.

शोध सुरू केला आणि एकेकाचे रंग दिसले.

त्या वेळच्या माझ्या वकिलाचं ऑफिस: ‘जुन्या फाइली नष्ट केल्या आहेत, पण शोधायच्या असतील तर आधी पैसे भरा.’ नष्ट केलेली फाइल शोधायचे पैसे! मी दोनदा वाचलं.

मग इंटरनेटवरची एक जागा. कुठलाही घटस्फोट पाच मिनिटांत, म्हणे. तीस डॉलर घेतले आणि माझ्या आधीच्या नवऱ्याचे चार जुने पत्ते, दोन बंद फोन नंबर आणि त्याच्या शेजाऱ्यांची नावं पाठवली. मला त्याचा पत्ता नको होता हो. त्याच्यापासून सुटल्याचा कागद हवा होता.

एक नातेवाईक, डॅलसलाच राहणारे. ‘तू काळजी करू नकोस, मी बघतो.’ हे ‘बघतो’ गणपतीत सुरू झालं आणि नवरात्र उलटलं तरी बघून झालं नव्हतं. शेवटी त्यांच्या बायकोने फोनवर विचारलं, ‘पण या वयात पुन्हा कशाला गं हे सगळं?’ तेव्हा कळलं, अडलंय कुठे.

माझ्याही चुका होत्याच. मी सगळ्यांना ‘डॅलसला घटस्फोट झाला’ सांगत होते, कारण नाशिककरांना फ्रिस्को कुठे समजावणार? प्रत्यक्षात आमचं अपार्टमेंट फ्रिस्कोत होतं. ते गाव दोन काउंट्यांत विभागलेलं आहे, थोडं कॉलिनमध्ये, थोडं डेंटनमध्ये. टेक्ससमध्ये काउंट्या दोनशे चौपन्न, आणि घटस्फोटाची फाइल ज्या काउंटीत दावा लागला तिथेच राहते. मी आधी डॅलस काउंटीत शोधत बसले, जिथे माझं काही नव्हतंच. मग राज्याच्या आरोग्य खात्याला लिहिलं. तिथून घटस्फोट नोंदलेला असल्याचं पत्र मिळतं, हुकूमनामा मिळत नाही. मग काउंटी क्लार्कला लिहिलं, आणि कळलं की काउंटी क्लार्ककडे लग्नाचे परवाने असतात, घटस्फोट असतात डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. बांधायची खिडकी वेगळी, सोडायची वेगळी.

तर अशी मी तुमच्यापर्यंत आले. ऑक्टोबर होता. तुमचे सकाळचे आठ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. आई देवापाशी दिवा लावत होती आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी कागद-पेन घेऊन उभी. केस नंबर माझ्याकडे नव्हता. माहेरच्या नावावर शोधलंत, नाही. सासरच्या नावावर, नाही. इथपर्यंत सगळेच येत होते आणि इथेच फोन ठेवत होते. तुम्ही म्हणालात, ‘थांबा. तुमचं आडनाव माझ्यासारखीने ऐकून लिहिलं तर कसं लिहील, तसं लिहून बघते.’ तीन-चार प्रकारे लिहून पाहिलंत. मला कळांचा आवाज ऐकू येत होता. आणि मग, ‘मिळालं, मॅम.’ कुणीतरी सासरच्या आडनावात एक ‘एच’ जास्तीचा घातला होता. पंधरा वर्षं मी त्या एका ‘एच’मागे लपून बसले होते.

चौदा पानं होती. तुम्ही पडद्यावर एकेक उलटत होतात. मी विचारलं, शेवटच्या पानावर दोन सह्या आहेत का? ‘दोन्ही आहेत.’ मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

माझं इथलं कार्ड तुमच्याकडे चालेना, पैसे कसे पोचवायचे, ते सगळं झालं. ते इथे लिहीत नाही. ऑस्टिनला माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, तिच्या पत्त्यावर पाठवायचं ठरलं. आणि फोन ठेवण्याआधी तुम्ही विचारलंत, ‘पाकिटावर कोणतं नाव घालू?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, फाइलवर आहे तेच घाला. तुम्ही क्षणभर थांबलात. मग म्हणालात, ‘फाइलवर जुनं आहे. पण अकराव्या पानावर न्यायाधीशांनी तुमचं नाव तुम्हाला परत दिलंय. ते घालू का?’

बाई, मी तो हुकूमनामा इंग्रजीत सही करताना वाचला होता की नाही, देव जाणे. नाव परत हवं अशी खूण मीच कुठेतरी केली असणार, त्याशिवाय कोर्ट ते देत नाही. पण ते विसरूनही गेले होते. बँकेत, गॅसच्या पुस्तकावर मी जमेल तसं बदलत गेले. काही ठिकाणी राहूनच गेलं. इतक्या महिन्यांत फोनवर, ईमेलवर, काउंटरवर जो भेटला त्याने मला मिसेस अमुक म्हटलं, कारण समोरच्या कागदावर तेच होतं. मीसुद्धा दुरुस्त करत नव्हते. काम करून घ्यायचं असतं तेव्हा माणूस नावासाठी भांडत नाही. चौदा पानांची नक्कल करायचं काम तुमचं. त्यातलं अकरावं पान वाचायचं काम तुमचं नव्हतं.

माझे वडील तलाठी होते. लहानपणी त्यांच्याबरोबर चावडीत गेले की लाल कापडात बांधलेले रुमाल सोडताना बघायचे. जुन्या उताऱ्यांत बायकांची नावं कशी असायची, तर अमकीबाई भ्रतार तमका. नवऱ्याशिवाय ओळ पुरीच व्हायची नाही. कुणी म्हातारी उतारा मागायला आली आणि ‘मी गणपाची मंडळी’ म्हणाली, की दादा पेन खाली ठेवायचे. ‘ते कळलं आजी, तुमचं नाव काय?’ त्या लाजायच्या. एक तर पदर तोंडाशी धरून म्हणाली होती, ‘माजं नाव काय करायचंय लेकरा?’ दादांनी ते तिच्याकडून वदवून घेतलं, पुन्हा मोठ्याने म्हटलं आणि मगच पान शोधलं. मला तेव्हा वाटायचं, केवढा वेळ घालवतात हे. मागे लोकांची रांग असायची. कुणी पुटपुटायचं. दादांना वीस वर्षांत बढती मिळाली नाही, हेही सांगून टाकते. वेळेवर मिळाली ती ‘उद्या या’ म्हणणाऱ्यांना.

तुम्ही आणि दादा एकमेकांना काय बोलला असता कुणास ठाऊक. बहुधा काहीच नाही. दोघांनी एकमेकांच्या फाइली लावण्याची पद्धत बघितली असती.

पाकीट ऑस्टिनला पोचलं. मैत्रिणीने पंधरा डॉलर भरून तिथल्या राज्य सरकारच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसातून अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने परदेशातही मानला जाणारा शिक्का, लावून घेतलं. १९९१ साली ही सोय नव्हती, भारत त्या करारात २००५ला आला. तिच्या सासूबाई फेब्रुवारीत परत येत होत्या, त्यांनी सगळं पर्समध्ये, औषधांच्या डब्याशेजारी ठेवून आणलं. मैत्रिणीने शहाणपणा केला तो एवढाच की तुमचं मूळ पाकीट फेकलं नाही. छापील लेबल नव्हतं त्यावर. निळ्या पेनाने, जरा तिरप्या अक्षरात, माझं नाव आणि वडिलांचं आडनाव. स्पेलिंग एकदम बरोबर. ते तुम्ही फोनवर माझ्याकडून एकेक अक्षर विचारून घेतलं होतंत आणि उलट वाचून दाखवलं होतंत, ते मी विसरले होते.

विवाह अधिकाऱ्यांनी चौदा पानं उलटली, शिक्का नखाने चाचपून पाहिला, शेवटच्या पानावर थांबले, माझ्याकडे बघून ‘ही तुमचीच सही?’ विचारलं. मी हो म्हटलं. तीस दिवसांची नोटीस परवाच बोर्डावर लागली. काचेच्या आत, एका पाणीपुरवठ्याच्या जाहिरातीशेजारी. ह्यांनी फोटो काढला. नाव त्यात तेच आहे, जे तुम्ही पाकिटावर घातलंत. लग्नानंतरही तेच राहणार आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, ‘मग, आता पुन्हा कोण स्पेलिंग शोधत बसणार?’

हुकूमनामा लॉकरमध्ये गेला. पाकीट मात्र घरीच ठेवलंय, त्याच साडीखाली. मधूनमधून काढून बघते, शाई उडत तर नाही ना.

तुमची,
पाकिटावर जिचं नाव आहे ती